आजोबांची पाठ

मिसूरीतल्या एका गावात, कोंबड्यांचा दाणा विकणाऱ्या दुकानाच्या रांगेत उभ्या मार्लीनचे कान पुढच्या म्हाताऱ्याकडे आणि त्याच्या नातीकडे लागले होते.

"दोन्ही कॉलेजांत प्रवेश मिळालाय, दोन्हीकडे ऑस्टिओपॅथीच, हातानं हाडं-सांधे मोकळे करायची डॉक्टरकी. मग अडलंय कुठं, आयडा?"

"एक तासाभरावर आहे, दुसरं पार ओरेगॉनला."

"आवडलं कुठलं?"

"जवळचं."

"खोटं बोलताना आपल्या घरात सगळ्यांचं नाक फुगतं, पोरी."

"आजोबा, मी लांब गेले तर दर रविवारी तुमची पाठ कोण मोकळी करणार?"

"पाठ मार्चपासून ठणठणीत आहे."

"मग दर रविवारी कण्हत का होता?"

"तुझा हात बसायला नको? शिवाय दोन्ही कॉलेजांच्या अर्जात तू माझ्याच पाठीची गोष्ट लिहिलीस. मध्येच बरा झालो असतो, तर गोष्टीचं वाटोळं झालं असतं."

म्हाताऱ्याने दाण्याचं पोतं उचलून खांद्यावर टाकलं आणि तो दाराकडे निघाला. मार्लीनने बाजूला होऊन वाट दिली.

"आजोबा, नाक फुगलंय तुमचं."

"पोतं जड आहे. दार उघड, आणि ओरेगॉनला होकार कळव."