हॉलच्या फरशीची उंची

मी, वय ३८ वर्षे, नोकरी त्सुनामी इशारा केंद्रात, राहणार बंदरामागे वडिलांसोबत, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

भूकंप झाल्यावर लाट कुठवर चढेल ते संगणकाच्या मॉडेलवर काढणे हे माझे काम. आज दुपारी १.५० वाजता समुद्रात भूकंप झाला. लाट ३.१० वाजता येईल आणि बंदराच्या सभागृहात पाणी शिरणार नाही, असे मी काढलेले उत्तर होते. फरशीखाली चाळीस सेंटिमीटरवर पाणी थांबत होते.

२.२० वाजता वडिलांचा फोन आला. भूकंपानंतर ते शेजाऱ्यांसोबत त्याच सभागृहात जमले होते. वय ७४, गुडघे गेलेले. म्हणाले, "शेजारचे टेकडीवर चला म्हणतायत. तुझा संगणक काय म्हणतो?" मी म्हणाले, "आबा, जागचे हलू नका. तिथं पाणी येत नाही." ते म्हणाले, "मग झालं! पोटच्या पोरीपुढं शेजाऱ्यांचं काय ऐकायचं?"

सभागृहाची उंची मी बंदराच्या नव्या मोजणीतून घेतली होती. बंदरवाले सर्वांत खालच्या ओहोटीपासून उंची मोजतात, आमचे मॉडेल समुद्राच्या सरासरी पातळीपासून. इथे फरक एक मीटर साठ सेंटिमीटर. बंदराच्या आकड्यातून तो वजा करायचा असतो. नव्या माणसांना पहिल्या दिवशी मीच हे शिकवते. मी केला नाही. २.५२ वाजता लक्षात आले. म्हणजे फरशीवर एक मीटर वीस पाणी. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याशी.

केंद्रातल्या साहेबांना सांगितले, त्यांनी लगेच नियंत्रण कक्षाला कळवले. वडिलांचा फोन लागेना. मी धावत निघाले. बंदराकडे जाणाऱ्या पुलावर हवालदारांनी अडवले, तेव्हा मी त्यांच्या हाताला चावले, हे खरे आहे. त्यांची माफी मागते. त्यांनी सोडले असते तर मीही लाटेत गेले असते, असे ते म्हणतात. तेही खरे आहे.

लाट ३.११ वाजता आली.

सभागृहातली सगळी माणसे आधीच टेकडीवर गेली होती. वडील त्यांत नाहीत. शेजारीण सांगते, दोघांनी त्यांना उचलू पाहिले, तर ते हसून म्हणाले, "लेकीनं बसायला सांगितलंय." पाणी उतरेपर्यंत तिकडे कोणी जाऊ शकत नाही. मला फार भीती वाटते. चूक माझी एकटीची आहे, दुसऱ्या कोणाला जाब विचारू नये.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. मला लिहिता-वाचता येते. हात स्थिर राहीना, म्हणून सहीऐवजी अंगठा घेतला आहे.