रिकामा चिखल

होकियांगाच्या खाडीवरच्या फेरीबोटीच्या रांगेत माझ्यापुढे मेरेआनामावशी होती. तिच्याशेजारी बंदरातला गाळ टाकायला जागा शोधणारा इंजिनियर.

"मावशी, गाळ टाकायच्या जागी तीन दिवस पाण्यात कॅमेरा सोडला होता. तिथे नुसता चिखल आहे. एक मासा दिसला नाही."

"दिसेल कसा? लेपा चपटा मासा, अंगावर चिखल ओढून तळाशी पडतो. तुला दिसला असता, तर शार्कनं सोडला असता का?"

"मग तुम्हाला कसा कळतो?"

"पायाला. अनवाणी चालायचं. तळव्याखाली वळवळलं की दाबून धरायचं."

"पण अहवालात मी जागा रिकामी लिहिलीय."

"त्या रिकाम्या जागेवर आमचं अख्खं गाव जेवतंय. ओहोटी लागलीय, बोट जाऊ दे."

"आणि आपण?"

"चिखलात. काढ बूट."