खोक्यात नसलेला चार्जर

देवजी : आठ दिवस. मे महिन्यात पोर आठ दिवस तुमच्याकडं तलोज्याला राहनार. एवढाच ना तुमचा फायदा, जावयबापू? त्याच्यासाठी दर रविवारी अर्धा तास व्हिडिओवर गोड बोलायचा. सौदा काय वाईट नव्हता.

मिथुन : सौदा काय म्हणता, मामा? माझी मुलगी आहे ती.

देवजी : मंग माझी हाय असा कोन बोलला? बैठकीत तुमच्या बाजूनं मीच बोललेलो. आमची निशी नको म्हनत व्हती. मी बोललो, नवराबायकोचा जमला नाय तं नाय, बापाला पोरीशी बोलू द्या. दिवालीपासून दर रविवारी, सकाली अकरा. न मे महिना आला का पोरीला इचारायचा. ती हो बोलली तं आठ दिवस तुमच्याकडं.

मिथुन : म्हणूनच आलोय. एप्रिल संपत आला आणि तुम्ही लोकांनी मला पोरीशी धड बोलू दिलेलं नाही. पुरावा आहे माझ्याकडे. इथे प्लग चालू आहे का हो? मोबाइल उतरलाय.

देवजी : टीव्हीच्या बाजूला. लाल बटन.

मिथुन : हां. दोन मिनिटांत चालू होईल. फास्ट आहे.

देवजी : बरा हाय ओ चार्जर. जाडजूड. पुतला! जावयांना पानी आन गं!

पुतळा : आनलाय. घ्या. जेवून आलाव का नुसते भांडायलाच आलाव?

मिथुन : भांडायला नाही आलो, मामी. मनू कुठेय?

पुतळा : आतल्या खोलीत. चित्र काढते.

मिथुन : बोलवा ना जरा.

पुतळा : बाबा आलाय म्हनून सांगलाय तिला. येईल तवा येईल.

मिथुन : बरं. हा झाला चालू. हे बघा, मामा. प्रत्येक रविवारचा स्क्रीनशॉट ठेवलाय. नऊ मिनिटं. सहा मिनिटं. हा बघा, चार. मनू शाळेतलं काहीतरी सांगायला लागते, हसते, आणि खट्. स्क्रीन काळी. पुन्हा लावला की बंद. आणि गेले तीन रविवार तर लागलेलाच नाही. हे निशिगंधाचं काम आहे. मुद्दाम बंद करते.

देवजी : निशी रविवारी वाशीला शोरूमला असते. दहाच्या आत घर सोडते. रविवारी तं तिचा खरा धंदा.

मिथुन : मग तुम्ही दोघं.

पुतळा : मना त्यो टॅब चालू करता येत नाय. बंद कुठून करू?

मिथुन : मामी, चेष्टा नकोय. मी सरळ सांगतो, वकिलाशी बोललोय मी. हे सगळं रेकॉर्डवर जाईल.

देवजी : जाऊ दे ना. चांगली गोष्ट हाय. पुतला, यांनी पोरीला दिलेला त्यो टॅब आन जरा. रेकॉर्डवर त्याचापन फोटो जाऊ दे.

पुतळा : वायर सकट आनू?

देवजी : सकट. हितं याच्याच बाजूला लाव. हां. बगा, जावयबापू. सकाली सातपासून लावलेला. आता किती वाजलं?

मिथुन : साडेअकरा. ...अठरा टक्के? आणि हा कुठला चार्जर लावलाय?

देवजी : माझ्या बटनवाल्या फोनचा. पुढं ती टोपी लावली का पिन बदलते. पोरीनंच आनली टोपी, शालेजवलच्या दुकानातून, खाऊच्या पैशातून.

मिथुन : अहो, एवढासा चार्जर, त्यावर एवढा मोठा टॅब कसा चालेल? हा सावकाश थेंब थेंब देणार. व्हिडिओ लावला की येतं कमी आणि जातं जास्त. वर चार्जिंगची खूण दिसते आणि टक्के खाली येत राहतात.

देवजी : असाच व्हतंय! पोर बोलायची, आजोबा, बघ ना, लावलेला हाय तरी उतरतंय. मी बोललो, तुझ्या बापाचा पगारपन असाच हाय, बाय. लावलेला असतंय न उतरत असतंय.

मिथुन : रात्रभर लावून ठेवायचा मग.

पुतळा : रातचा कायपन लावायचा नाय या घरात. मागं पाच नंबरच्या खोलीत भाडोत्र्याचा फोन गादीवर पेटला. गादी गेली, त्याच्या पोराचा हात भाजला. तवापासून मी झोपताना पंखा सोडून सगला बंद करते. फ्रीजपन करनार व्हते.

मिथुन : निशिगंधाचा चार्जर असेल ना.

पुतळा : तिच्या फोनची पिन येगली. यात घुसत नाय. न ती वायर पर्समधी टाकून जाते.

मिथुन : मग नवीन आणायचा! बारा खोल्यांचं भाडं येतं, मामा, तुम्हाला. नातीला एक चार्जर आणता येत नाही?

देवजी : आता आलाव मुद्द्याला. आनता येतंय की. मी चप्पल घालून निघालेलो घनसोलीला. निशी दारात आडवी. बाबा, बोलली, एक पिनपन आनायची नाय. त्यानं वस्तू दिली, तं चालेल अशी द्यायची. आपन पैसे घातलं तं उद्या त्यो गावभर सांगंल, पोरीशी बोलायला टॅब मी दिला.

मिथुन : मी दिलाच आहे.

देवजी : दिलाव ना. कोन नाय बोलतंय. मी चप्पल काढली न बसलो. नवराबायकोच्या मधी सासऱ्यानं किती घुसायचा? हजार रुपये माझेपन वाचलं.

मिथुन : मी तिला मेसेज केला होता. कुठलाही चार्जर चालतो म्हणून.

देवजी : दाखवला तिनं. खाली अजून लिवलेला. आजकाल कंपनी खोक्यात चार्जर देतच नाही.

मिथुन : नाहीच देत. नवीन मोबाइल घ्या कुठलाही. खोकं उघडा, नुसती केबल.

देवजी : मी कुठं नाय बोलतो? मी खरा मानला. निशीनं शिव्या दिल्या, पन खरा मानला.

पुतळा : न पोर फिरत बसली.

मिथुन : कुठे?

पुतळा : कुठं म्हंजे? भाडोत्र्यांच्या दारात. रविवारी दात घासले का पयली चालीत. काकी, तुमचा चार्जर द्या ना, अकरापर्यंत. तीन नंबरवाली द्यायची, पन तिचा नवरा उठला का परत मागायला यायची. सात नंबरवाल्याचा भारी व्हता, पन त्यो रातपाली करून येतंय न फोन उशाशी लावून झोपतंय. त्याला उठवायची हिंमत नाय. दारात उभी राहायची, त्यो कूस बदलतंय का बघत.

मिथुन : मनू?

पुतळा : नायतं कोन? यकदा चार घरांचं चार चार्जर घेऊन आली. एकेक लावून बगितला, कोनाचा पटपट चरतंय. कोनाचा कुठला ते इसरायला नको म्हनून वायरीला रिबिनी बांधल्या. तिच्या केसांच्या.

मिथुन : मला कधीच बोलली नाही.

पुतळा : बोलंल कवा? बोलायला लागली का बंद परायचा.

देवजी : घ्या, पानी प्या. कडू लागला तं साखर देतो.

मिथुन : मामा, प्लीज. ...आणि हे तीन रविवार? मी अकरापासून बारापर्यंत लावत बसलो होतो.

पुतळा : तीन रविवार ती गेलीच नाय चार्जर मागायला. मी बोलले, मनू, बाबाचा फोन येईल ना गं. बोलली, मना अभ्यास हाय.

मिथुन : कोणी काही शिकवलं असेल तिला.

देवजी : शिकवला ना. पुतला, त्यो खोका आन. रंगांचा.

पुतळा : तिला कललं तं रडंल.

देवजी : तिला सांगू नको. आन.

मिथुन : कसला खोका?

देवजी : तुमच्या टॅबचाच. आमची पोर काय टाकत नाय. त्याच्यात खडू ठेवते, पेनशिली ठेवते. हां, दे हिकडं. खडू खाली काढ, फरशीवर नको, पेपरावर. आता उलटा करा, जावयबापू. मागं बारीक अक्षरात लिवलाय, आत काय काय हाय ते. वाचा.

मिथुन : टॅबलेट, एक. केबल, एक. सिमची पिन, एक... पुढे काळं आहे. खडूनं गिरवलंय.

देवजी : दाबून दाबून गिरवलाय. बाकी सगला खोका कोरा, न अक्षरांची एवढीच ओल काली. मना वाटला, पोर हाय, रंगवला असंल. मंग बोललो, बरोबर ओलीतच कसा रंगवला? नखानं खरवडला. दिसतंय काय?

मिथुन : ...हो.

देवजी : वाचा ना. माझा इंग्रजी कच्चा हाय.

मिथुन : अडॅप्टर. एक.

देवजी : एक. मनापन एकच दिसला.

पुतळा : मी इचारला तिला, का गं काला केला? पयली बोललीच नाय. मंग रातची माझ्या कुशीत येऊन बोलली, आईनं वाचला तं बाबावर ओरडंल.

देवजी : जावयबापू, फोन झाला का ओ तुमचा? झाला असंल. फास्ट हाय.

मिथुन : मामा, ऐका. माझा मोबाइलचा चार्जर कंपनीतून गेला होता. लॉकरवरून कुणीतरी उचलला. त्याच आठवड्यात हा टॅब आला. मी म्हटलं, त्यातला चार्जर दोन दिवस वापरू, मग नवीन घेऊन हा तिला पाठवू. तिकडे घरात दहा चार्जर असतील. मग शिफ्ट, मग हप्ता... मग निशिगंधानं तसा तिरकस मेसेज केला, तेव्हा मी कंपनी देत नाही म्हणून लिहून टाकलं. एकदा लिहिल्यावर परत कसा पाठवणार?

देवजी : नाय पाठवता येत. बरोबर हाय. पाठवला तं खोटा परला असता मानूस.

मिथुन : मी राक्षस नाहीये.

पुतळा : राक्षस कोन बोलला? राक्षसाला निदान भूक असते.

मिथुन : थांबा. आत्ता लावतो. हा घ्या, माझा काढला.

(मिथुन आपल्या फोनची पिन उपसून तोच चार्जर टॅबला लावतो. चहा होतो, पितात. आतल्या खोलीत कागद फाडल्याचा आवाज येतो आणि थांबतो.)

मिथुन : बघा. पस्तीस. छत्तीस झाला. बघितलंत? केवढा पळतोय.

देवजी : पलतंय खरा. सहा महिने यो तलोज्यात पलत व्हता.

मिथुन : मामी, तिला सांगा ना. सांगा, बाबानं चार्जर आणलाय. तुझाच आहे म्हणावं. आता तासभर बोललो तरी बंद पडणार नाही.

पुतळा : सांगते. पन तुमी आवाज चढवू नका आतमधी.

मिथुन : नाही चढवत. ...मामा, मी घर लावून ठेवलंय हो. तिच्यासाठी खिडकीजवळ टेबल घेतलं. पडदे घेतले, पिवळे. तिला पिवळा आवडतो.

देवजी : आवडायचा. आता निला आवडतंय.

मिथुन : कधीपासून?

देवजी : मना काय म्हाईत? सांगायला लागली असंल यखाद्या रविवारी.

मिथुन : मामी, काय म्हणाली? येतेय ना?

पुतळा : बोलली, बाबाला सांग, चार्ज नाय.

मिथुन : अहो, आहे! चाळीस झालाय. दाखवा तिला, घेऊन जा आत.

पुतळा : दारातून बगितला तिनं. चालीस का काय ते.

मिथुन : आणि मी इथे आलोय ना! समोर बसलोय. टॅब लागतोच कशाला? दारातून बाहेर आली तरी...

पुतळा : मीपन तेच बोलले. बाय, बाबा घरातच हाय, त्याला चार्ज कशाला लागतंय? ती पेनशिलीला टोक काढत व्हती. वर बगितला नाय. बोलली, आजी, सांग ना त्याला, चार्ज नाय म्हनून.

मिथुन : मनू! मनू, बाबा आहे बेटा! ...मनू?

देवजी : हलू. कडी लावली तिनं.

मिथुन : मे महिन्याचं विचारलंत का?

पुतळा : इचारला. तिनं मान हलवली.

मिथुन : कशी?

पुतळा : आता कशी म्हंजे काय, जावयबापू.

मिथुन : ...हा चार्जर राहू दे इथेच. मी निघतो.

देवजी : फोन बंद परंल वाटंत.

मिथुन : पडू दे.

देवजी : बसा जरा. उन्हाचा कुठं जाता? बसा. वकिलाला काय सांगायचा ते तरी घेऊन जा. तुमी चार्जर वाचवला. निशीनं तोरा वाचवला. मी हजार रुपये वाचवलं न वर गंमत बगितली. तिघंपन फायद्यात.

मिथुन : आणि मनू?

देवजी : तिघांचापन तोटा तीच भरत व्हती, दर रविवारी, दारोदार फिरून. आता नाय भरत बोलते.