सपाट काचेचा टीव्ही

हसू नका, आधी ऐका! सपाट काचेचे टीव्ही नवीनच आले होते. रोह्याच्या व्याह्याआधी तो आपल्या घरात पायजे, म्हणून बायकोला घेऊन मी पेणच्या दुकानात घुसलो. शेटनं दोन टीव्ही शेजारी लावून दाखवले. एक जुना फुगीर काचेचा, एक नवा.

नवा बघितला आन् मी ओरडलोच, "शेट, ही काच मधी खोल गेलीय! खराब माल गळ्यात मारतोस?"

"काका, सपाटच हाय ती. फुगीर बघून बघून तुम्हाला तसं वाटतंय."

"मला शिकवतोस? चाळीस वर्षं धरमतरला मिठागराची जमीन खड्ड्यांत चिखल भरून, चोपून सपाट केली. बोटभर खड्डा लांबून कळतो मला! आण दोरी!"

दोरी ताणून काचेवर धरली. या कडेपासून त्या कडेपर्यंत चिकटून बसली. कणभर फट नाय! दुकानातल्या गिऱ्हाइकांनी टाळ्या पिटल्या. मीपण खूश. म्हटलं, "हाच बांध!"

बायको तेवढी टीव्ही सोडून माझ्याकडंच बघत होती. टेम्पोत बसल्यावर म्हणाली, "अवो, मंग चाळीस वर्षं तुम्ही सपाट जमिनीतच चिखल भरत होतात का काय?"