बसायची खुर्ची

न्हाई न्हाई न्हाई, ताई, त्या खुर्चीवर न्हाई बसायचं! … हितं सतरंजी हाय, त्यो दगड हाय, माझी पिशवी हाय, माझ्या डोक्यावर बसते म्हनलात तरी वाकतो, पन तेवढी खुर्ची सोडून… व्हय, रिकामी हाय, दिसतंय की मलाबी, रिकामी हाय म्हनून तर… आता राग आला ना तुमाला? यायचाच! पुन्याहून एवढ्या लांब तंबू ठोकायला आलात, आन हा कोन म्हातारा, सोता मातीत बसलाय आन समोर भारीतली खुर्ची देवासारखी मांडून ठेवलीय! म्हनाल, डोक्यावर परिनाम झालाय. झालाय, कबूल! पन कशानं झालाय ते ऐकून तर घ्या. तुमाला सांगतो, ह्या खुर्चीनं माझं वाटोळं केलं. आन खुर्ची कसली? चेअरमनची? आमदाराची? न्हाई हो! साधी… बसायची खुर्ची!

मी सूर्यभान. देवळाली प्रवराच्या पल्याड आमचं गाव. ऊस हाय, बायको हाय लंकाबाई, आन मेहताब हाय. हुता. हाय… ते मला अजून ठरवता येत न्हाई. मेहताबचं रान माझ्या रानाला लागून, बांधाला बांध, आन बांधाला बांध असून भांडन न्हाई असे आख्ख्या तालुक्यात आमी दोघंच! लोकं यायची बघायला. शाळंत असताना मेहताबनं मला इचारलं, "सूर्या, पाटाला पानी कुठनं येतं रं?" मी म्हनलं, "फाटकातनं." "आन फाटकात?" आता आली का पंचाईत? मंग काय, घरात न सांगता दोघं एस्टीत बसलो आन हितं, ह्या भंडारदऱ्याच्या पान्याकाठी येऊन थडकलो. माघारी गेलो तर दोघांच्या बापांनी मिळून बडवलं, माझ्या बापानं त्याला आन त्याच्या बापानं मला, अदलून-बदलून! तवापासनं दर हिवाळ्याला आमी हितं पानी बघायला येतो. गाडी तिकडं वाडीत लावायची, पिशव्या पाठीला मारायच्या, काठाकाठानं तासभर चालायचं, हितंच, ह्याच जागंला बसायचं. कायबी बोलायचं न्हाई. एकदा बोललो तर मेहताब म्हनला, "गप ना, पानी बघू दे."

आन अवंदा त्यो म्हनला, "सूर्या, तू जा. म्या न्हाई येत."

का? तर मनक्यात गॅप! नगरच्या डॉक्टरनं सांगितलं, चालायचं कितीबी चाला, पन जमिनीवर बसायचं न्हाई. बसला की उठंना! आन हे गावात कुनाला ठाव न्हाई बरं का. पंगतीला "मला घाई हाय" म्हनून उभ्यानं खायचा, सभेला भिताडाला टेकून उभा ऱ्हायचा. का लपवायचं? तर आमच्या गावच्या शेतकरी सोसायटीचा चेअरमन निवडायचा हुता, आमी दोघंबी तिथं संचालक, आन मेहताब उभा हुता. ती खुर्ची आजवर आबासाहेबांच्या घरातनं बाहेर गेलेलीच न्हाई. त्यांचा ऊस लांब, हात त्याहून लांब. त्यांना कळलं असतं तर म्हनले असते, "ज्याला बसता येत न्हाई त्याला खुर्ची कशाला?" म्हनून ठाव फकस्त त्याच्या बायकोला, वहिनीला, आन मला. आन मेहताबचं नाव सभेत सुचवायचं कुनी? म्याच!

तर म्या ठरवलं, ह्याला न सांगता एक खुर्ची घ्यायची, पाठीवर मारून न्यायची, ह्या जागंला मांडायची आन म्हनायचं, बस! सांगितलं असतं तर म्हनला असता, "म्या काय लुळा झालो व्हय?" लई मानी मानूस. म्हनून चोरून. आता तुमी सांगा, ह्यात माझं काय चुकलं? साधी बसायची खुर्ची हो!

पयली घेतली प्लास्टिकची, मांडववाल्याकडं असती तसली लाल. सुंभानं पाठीला बांधली आन सराव म्हनून पाटाच्या कडंनं निघालो. जो भेटंल त्यो इचारतोय, "सूर्यभान, लगीन कुनाचं?" त्यात सुटलं वारं! खुर्चीत वारं भरलं आन म्या निघालो घराकडं, उलट्या पावलानं! लंकाबाई दारात उभी. "आवो, म्हातारपनी मानसं काठी घेत्यात, तुमी फर्निचर घेतलं!" मंग लोखंडी घडीची आनली. ती खांद्यावर घेऊन फर्लांगभर गेलो नसंल, माझ्याच मनक्यात कळ! म्हंजे आता खुर्च्या दोन लागनार, आन त्या उचलायला तिसरा मानूस, आन त्यो थकला की त्याला बसायला…

शेवटी भाचा, ओंकार. नागापूरला एमआयडीसीत कामाला हाय. त्यो म्हनला, "मामा, कॅम्पिंगची खुर्ची घ्या ऑनलाइन. किलोभराची. नळ्या-नळ्या असतात, पिशवीत घालून न्यायची." किलोभर? म्हंजे साखरंच्या पुड्याएवढी, आन वर मेहताब बसनार? बरं, ह्या खुर्च्यांतबी शंभर भानगडी! त्यानं फोटू धाडले, म्या बघतोय, त्यो इचारतोय. एक इतकी बुटकी की बसनाराचं गुडघं कानाला लागावं, त्यातनं मेहताबला उठवायला ट्रॅक्टर लागला असता! एकीला पाय सुईसारखं, ह्या गाळात कंबरंपत्तोर जानार. एकीला पाठच न्हाई. पाठीसाठी घ्यायची आन पाठच न्हाई? मला पायजे हुती उंच, टेकायला पाठ, पायाला रुंद टोपनं, आन वजनाला हलकी. आन हे सगळं बोलनं चाललंय कुठं? चौकात, चहाच्या टपरीवर, कारन रेंज तिथंच! आन रेंज असली तरी म्या वरडूनच बोलतो, सवय!

आता तुमी टपरीवर बसलाय असं समजा आन नुसतं माझं ऐका. "खुर्ची पायजेच मला! … हलकी असली तरी चालंल, पन पाच वर्सं टिकली पायजे! … न्हाई न्हाई, कुनी पाय वडला तरी पडता कामा नये! … टेकायला मागं भक्कम आधार पायजे! … आन मेहताबला कळू द्यायचं न्हाई बरं का, त्याच्या नकळत आनायची!"

… बोला! काय समजाल?

आमच्याकडं, ताई, खुर्ची म्हनलं की लाकूड कुनाच्या डोळ्यापुढं येतच न्हाई! सोसायटी, बाजार समिती, साखर कारखाना… मानूस घरात दमून "जरा खुर्ची द्या" म्हनला तर आतनं इचारत्यात, कोनत्या गटाची? टपरीवरची सगळी माझ्याकडं वळून बघाया लागली, चहावाल्याचा चहा उतू गेला. मला वाटलं, लोकं माझ्या आवाजाला भ्याली. सांच्याला आबासाहेब दारात! पांढरी टोपी, पांढरं हसू. "सूर्यभान, खुर्ची पायजे हुती तर आमाला सांगायचं." म्या म्हनलं, "तुमच्याकडं हाय व्हय?" "आमच्याकडंच तर हाय!" "हलकी हाय ना?" "अगदी हलकी. तुला कायबी वजन लागू देनार न्हाई आमी." म्या म्हनलं, लई उपकार झाले, पन ऑनलाइन सांगून ठेवलीय, बघतो, न्हाई आली तर तुमचीच. आन मेहताबला बोलू नका. आबासाहेब म्हनले, "ह्ये काय सांगनं झालं?" आन माझ्या पाठीवरनं हात फिरवला. गाढवाच्या फिरवत्यात तसा! मला तवा तरी कळावं का न्हाई? न्हाई कळलं! माझ्या डोक्यात एकच… साधी बसायची खुर्ची!

आली सभा. वरनं निवडनूक अधिकारी आलेले, सगळे संचालक बसलेले, मेहताब भिताडाला टेकून उभा, नवा पांढरा सदरा. वहिनीनं इस्त्री केलेला, घड्या दिसत हुत्या. माझ्याकडं बघून हसला. अधिकारी म्हनले, "चेअरमनपदासाठी नाव सुचवा." म्या उठलो. घसा खाकरला. "म्या… सूर्यभान…" म्हनलं आन खिशात फोन वाजला! उचलायचा न्हाई ना? उचलला! पलीकडं कुरियरचं पोरगं. "काका, खुर्ची आलीय, गावात कुनी घेईना, माघारी पाठवू का?" आन म्या, तुमाला सांगतो, त्या भरल्या सभेत, छाती फाडून वरडलो, "माघारी न्हाई पाठवायची! खुर्ची मलाच पायजे! माझ्याच नावावर हाय ती!"

…

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मेहताबचीबी.

आबासाहेब उठले. सावकाश. "झालं तर मग. मी सूर्यभानचं नाव सुचवतो." म्या म्हनलं, "आवो न्हाई, ती न्हाई, ही येगळी, ही बसायची खुर्ची!" अधिकारी मान वर न करता म्हनले, "चेअरमनची पण बसायचीच असते. अनुमोदन?" आन भिताडाकडनं आवाज आला.

"मी देतो अनुमोदन."

मेहताब! सोता मेहताब! म्हनला, "सूर्याला पायजे असंल तर माझं नाव मागं." बिनविरोध! टाळ्या! म्या वळलो, तोंड उघडलं, सांगायचं हुतं, आरं तुझ्या पाठीसाठी… आन थांबलो. सांगू कसं? चौघात सांगितलं की ज्याला बसता येत न्हाई त्याच्यासाठी आनलीय, म्हंजे जे आजवर त्यानं उभ्यानं झाकलं ते म्याच उघडं करायचं? उघडलेल्या तोंडात गुलाल गेला. हलगी सुरू झाली. आन त्या गुलालात एक म्हातारं माझ्या कानाशी येऊन, पन चांगलं मोठ्यानं म्हनलं, "बरं झालं सूर्यभान, शेवटी आपल्यातलाच मानूस बसला."

आपल्यातला? आन मेहताब कुठल्यातला हुता, ताई? त्याच्या बापानं मला बडवला तवा म्या कुठल्यातला हुतो? माझी आई गेली तवा माझ्या घरात चूल पेटंपत्तोर डबा कुनाच्या घरनं आला? सांगा ना! … आन मेहताब तिथंच हुता. माझ्यापासनं दोन हातावर, चपला घालत हुता. वाकता येत न्हाई त्याला, पायानंच चपला चाचपत हुता. त्यानं ऐकलं. खुर्चीचं सोडा हो, ते एक वाक्य त्यानं ऐकायला नको हुतं.

मंग? मंग काय, गळ्यात हार तसाच, कुरियरवाल्याला गाठलं, पिशवी घेतली आन पळत त्याच्या घरी. अंगनात लिंबाला टेकून उभा हुता. म्हनलं, "मेहताब, ही बघ, ही! ही खुर्ची!" आन पिशवी उलटी केली. आता ह्या खुर्चीच्या नळ्यांच्या आत रबर असतं, ती आपली आपन जोडती, असं ओंकार म्हनला हुता. जोडली की! एक नळी सटकन उडून माझ्या नाकावर, दुसरी कोंबड्यांत! कापड कुठल्या टोकाला लावायचं ते समजंना, एक टोक लावलं की दुसरं सुटायचं, म्या रडतोय, हारातली फुलं गळत्यात, तोंड गुलालानं लाल, कोंबड्या वरडत्यात… शेवटी झाली उभी. म्हनलं, "बस, मेहताब. तुझ्यासाठीच आनलीय. पान्याकाठी न्यायला."

त्यानं खुर्चीकडं बघितलं. लई येळ बघितलं. मंग म्हनला, "सूर्या, तू सभेत 'मलाच पायजे' म्हनलास ना, तवा लई मनापासनं म्हनलास. म्या तुला लहानपनापासनं ओळखतो. खोटं बोललास तर कळतं मला. ते खोटं न्हवतं."

आवो, न्हवतंच की खोटं! मनापासनंच म्हनलो हुतो! पन ते कशासाठी हे त्या बाबाला…

तुमी म्हनाल, राजीनामा द्यायचा. आवो, निघालोच हुतो द्यायला! तर मेहताबनंच वाटंत अडवला. म्हनला, "सोडू नको. तू सोडलीस की आबासाहेबांच्या भाच्याला जाईल, तवा त्याला मतं न्हवती म्हनून तुला पुढं केला. म्या परत उभा ऱ्हानार न्हाई. तू निदान चोर तरी न्हाईस." आन गेला. "निदान"! हे माझ्या मैतराचं माझ्याशी शेवटचं बोलनं. आता बांधावर गाठ पडली की त्यो मान हलवतो, म्या मान हलवतो. आन गावात म्हनत्यात, सूर्यभाननं आधी खुर्ची घेतली आन मंग ती झाकायला खुर्ची इकत आनली. हसत्यात. हसनारच, म्या बी हसलो असतो.

म्हनून रोज दहाला जाऊन त्या चेअरमनच्या खुर्चीत बसतो. गादी हाय, मऊ हाय, चाकं हायेत, गोल फिरती… आन बुडाखाली निखारा. आन हिवाळा आला तसा ही पाठीला मारली, हितं आनून मांडली. किलोभराची खुर्ची, ताई, पन आज वाडीपास्नं हितं येईपत्तोर चारदा टेकलो. निघताना त्याच्या दारावरनं मुद्दाम सावकाश गेलो, खुर्ची दिसंल अशी धरून. दार उघडं हुतं. म्हनून मांडलीय. मागनं आला तर? त्याला चालता येतं की. चालायचं कितीबी चाला म्हनलाय डॉक्टर. बसायचंच तेवढं न्हाई, आन त्याची सोय तर म्या…

एका खुर्चीवर मला बसवत न्हाई आन दुसरीवर बसनारा येत न्हाई. असा चेअरमन बघितला हुता का कधी?

… काय म्हनता? गुडघं? मंग आधी का न्हाई बोललात! म्या आपला बोलत सुटलोय आन तुमी कवापासनं उभ्याच! भिताडबी न्हाई हितं टेकायला… बसा. बसा हो, मनापासनं सांगतो, आन माझं मनापासनं म्हनलेलं कुनाला पटत न्हाई, तरी बसा. साधी बसायची खुर्ची हाय, कुनीतरी बसलं पायजे. तुमचं नाव म्याच सुचवतो, म्याच अनुमोदन देतो. बिनविरोध बसा…

पन मेहताब आला तर उठायचं बरं का.