आरशातली लाल टोपी

आर्डिथ : आणि हे पिवळं बटण कशाचं?

व्हर्लिन : त्याला हात लावू नकोस.

आर्डिथ : लावतेय कुठे, विचारतेय. एकोणीस वर्षं या घरगाडीत झोपले, रांधलं, तुझं घोरणं ऐकलं. पण या खुर्चीत आज पहिल्यांदा बसतेय, व्हर्लिन. केवढं दिसतं रे इथून! आणि ते खडखडतंय काय?

व्हर्लिन : इंजिन गारठलंय. तापू दे जरा. तुला सगळं आजच शिकायचंय का?

आर्डिथ : मग कधी? शनिवारी तुझा भाऊ येऊन गाडी विकत घेऊन गेल्यावर?

व्हर्लिन : रॉयसला मी हौसेनं नाही बोलावलं. काल पार्कच्या दाराशी खांबाला गाडी घासली, तेव्हा कळलं ना? डाव्या डोळ्याला कडाच दिसत नाहीत मला. आणि चालवणारा दुसरा कोण आहे आपल्याकडे?

आर्डिथ : खुर्चीत कोण बसलंय?

व्हर्लिन : तू घरी साधी मोटार लावताना कचऱ्याचा डबा पाडतेस.

आर्डिथ : डबा चुकीच्या जागी असतो. तुझी अट पुन्हा सांग, म्हणजे नंतर पलटायला नको.

व्हर्लिन : जागेतून बाहेर काढायची. या मुक्कामाच्या तळाला एक वळसा घालायचा. मग उलटी आणून परत इथंच लावायची. जमलं, तर रॉयसला येऊ नको म्हणतो. नाही जमलं, तर गाडी त्याची आणि आपण नेब्रास्कात घरी टीव्हीसमोर.

आर्डिथ : ठरलं. एरवी गाडी लावताना हात दाखवायला मी बाहेर असते, आज तू बाहेर. माझी लाल टोपी घाल. कान पडतील नाहीतर. विजेची वायर काढलीस?

व्हर्लिन : काढली.

आर्डिथ : पायरी आत घेतलीस?

व्हर्लिन : घेतली गं! सोड ब्रेक. हळू... हळू... थांब! थांब, थांब, आर्डिथ!

आर्डिथ : काय झालं? कशाला धडकले? एल्क हरीण आडवं आलं का?

व्हर्लिन : एल्क बाजूला उभं राहून बघतंय. पाण्याची नळी उपटली.

आर्डिथ : नळी जोडलेलीच होती?

व्हर्लिन : ओंडक्यासारखी गोठलीय. उभी केली तर उभी राहील.

आर्डिथ : काल संध्याकाळी तूच म्हणालास ना, “तू बस, बाहेरचं आज मी बघतो”?

व्हर्लिन : बघितलं की. सगळं जागच्या जागी होतं.

आर्डिथ : अरे देवा! थंडीत नळी रोज संध्याकाळी काढायची असते. पाणी झाडायचं, वेटोळं करून पलंगाखाली ठेवायचं. आपल्या पलंगाखाली काय आहे, कधी पाहिलं नाहीस?

व्हर्लिन : मला वाटायचं तुझे बूट असतील.

आर्डिथ : आणि रोज अंधार पडताना मी बाहेर जाऊन काय करते असं वाटायचं?

व्हर्लिन : चांदण्या बघतेस.

आर्डिथ : उणे पंधरात?

व्हर्लिन : तुला आवडतात ना चांदण्या. म्हणून मी कधी मध्ये आलो नाही.

आर्डिथ : वेडा आहेस तू. बरं, मग मी नापास का?

व्हर्लिन : नळी माझ्या खात्यावर. जा, वळसा घालून ये. मोठ्या पाईनच्या झाडाशी वळताना गाडीचा मागचा भाग बाहेर झुकतो, विसरू नकोस.

(गाडी तळाला वळसा घालून येते. आर्डिथ खिडकीची काच खाली करते.)

आर्डिथ : आले! व्हर्लिन, वळणावर मागचं कपाट उघडलं आणि तुझ्या सगळ्या बीन्सचे डबे घरभर गडगडले, पण मी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही! भीती वाटली, खूप वाटली. तरी मजा आली. तुला रोज एवढी मजा यायची आणि कधी बोलला नाहीस?

व्हर्लिन : तू विचारलं नाहीस. ऐक, रॉयसला फोन केला. येऊ नको म्हटलं.

आर्डिथ : आत्ता? अजून उलटी लावायची राहिलीय!

व्हर्लिन : तू पाईनमागे दिसेनाशी झालीस ना, तेव्हा लावला. इथं मेलेली नळी धरून उभा होतो. म्हटलं, निम्मी गाडी मलाच येत नाही, तर विकायचा हक्क एकट्याला कुठला?

आर्डिथ : आणि ठोकली असती तर?

व्हर्लिन : मग खोटं बोललो असतो त्याच्याशी. चल, उलटी घे. ये, ये!

आर्डिथ : हे काय, माश्या हाकलतोयस का? दोन्ही हात वर केले की सरळ ये, हातांची फुली केली की थांब. एवढी वर्षं माझे हात बघितलेस ना?

व्हर्लिन : हात नाही बघितले. आरशात लाल टोपी दिसतेय ना, एवढंच बघायचो. टोपी दिसेनाशी झाली की ब्रेक. मागे कडा असो, दरी असो, टोपी दिसतेय तोवर मला फिकीर नव्हती.

आर्डिथ : हे मला कधी सांगितलं नाहीस.

व्हर्लिन : रडू नकोस आता, आरसा धूसर दिसेल. दिसतोय का मी?

आर्डिथ : दिसतोयस. तिथंच उभा राहा, हलू नकोस. मी येतेय हळूहळू.