गास्पार लमोअन माझ्या कानात काय म्हणाले

समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या गावाच्या महापौरबाई, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आजचे सत्कारमूर्ती, ज्येष्ठ दिग्दर्शक गास्पार लमोअन, आणि समोर बसलेल्या माझ्या बंदरावरच्या माणसांनो,

मी नोल्वेन केर्द्राँ. मागे पडद्यावर जो रडणारा चेहरा लावलाय, तो माझाच, विशीतला. त्या एका दृश्यानं साहेबांना नाव दिलं, बक्षिसं दिली. त्यांची पद्धत आपण जाणताच. कॅमेरा सुरू होण्याआधी ते नटाच्या कानात काहीतरी सांगतात. माझ्या कानात काय सांगितलं, हे त्यांना प्रत्येक मुलाखतीत विचारलं गेलं. ते गालात हसून म्हणायचे, "ते आमच्या दोघांतच राहू दे."

राहू दिलं की इतकी वर्षं. सत्कारात असलं बोलू नये, हे मलाही कळतं. पण आज माइक माझ्या हातात आहे.

ते म्हणाले होते, "पोरी, तुझ्या बापाची होडी बुडाली. आत्ताच निरोप आलाय." आणि मान वळवून, "कॅमेरा."

बाबा संध्याकाळी तारल्यांची टोपली घेऊन घरी आले. मी गळ्यात पडले, तर म्हणाले, "काय गं, सिनेमावाल्यांनी जेवायला घातलं नाही वाटतं?" दुसऱ्या दिवशी मी साहेबांना जाब विचारला. उत्तर मिळालं, "रागावतेस काय? एका टेकमध्ये जमलं. आभार मान माझे."

पुढे काही वर्षांनी बाबांची होडी खरंच परत आली नाही. मी धक्क्यावर उभी राहून रडले. मागून शेजारीण, मादाम ल गॉफ, कुणाला तरी हळूच म्हणाली, "बघ, अगदी सिनेमातल्यासारखी रडतेय." माझं रडणं तिथंच थांबलं. सख्ख्या बापासाठी मला रडता आलं नाही. याला कला म्हणायचं का, तुम्हीच सांगा. मी माफ केलेलं नाही, आणि करायचंही नाही.

असो. खाली घावन आणि सफरचंदाची सीडर वाट बघतायत, म्हणून आवरतं घेते. मघाशी सत्काराची शाल घेताना साहेबांचे डोळे वाहू लागले. अजूनही रुमाल हातात आहे. महापौरबाई म्हणाल्या, गावाच्या प्रेमानं गहिवरले. तसं नाही, बाई. व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना मी त्यांच्या कानात सांगितलं होतं, "गास्पार, पॅरिसच्या गोदामाला आग लागली. तुझ्या सगळ्या सिनेमांची मूळ रिळं जळाली. आत्ताच निरोप आलाय."

त्यांच्यावर माहितीपट करणारी मंडळी समोर बसलीत. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरून हलवू नका, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं.

रिळं सुखरूप आहेत, गास्पार. पूस डोळे.

महापौरबाईंनी मला बोलायला बोलावलं आणि आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. माझ्या तोंडून काही वावगं गेलं असेल तर गावानं पदरात घ्यावं. आणि गास्पार, तू रागावतोस काय? एका टेकमध्ये जमलं. आभार मान माझे.